बोलत जा, त्याला कळू दे

आमच्या तबेल्यात पहाटे पाचला येणारा माणूस दारातच खाकरतो. मग मोठ्याने काहीतरी बोलतो. 'आलो रे', 'उठा आता', 'आज पाऊस आहे हां', काहीही. दिवा त्यानंतर लागतो. नवीन माणसाला हे देवळात शिरताना घंटा वाजवण्यासारखं वाटतं. वाटू दे, माझी हरकत नाही. घोडा उभ्या उभ्या झोपतो. त्याच्या पायांतले स्नायुबंध सांधे असे धरून ठेवतात की झोप लागली तरी तो कोसळत नाही. एक मागचा पाय सैल सोडलेला, खालचा ओठ लोंबलेला, डोळे अर्धवट उघडे. बघणाऱ्याला वाटतं, जागाच आहे. अशा घोड्याच्या मागे गुपचूप जाऊन उभं राहणं म्हणजे साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर दचकेल तेव्हा नेमकं त्याच्या वाटेत असणं.

गेली अठरा वर्षं मी हे काम करतेय. त्यातली पहिली सहा एका मोठ्या तबेल्यात गेली. नंतरची सगळी इथे, पश्चिम उपनगरातल्या या लहानशा जागेत. बारा घोडे, त्यांची देखभाल करणारे पाच मोतद्दार, आणि शनिवार-रविवारी रपेट शिकायला येणारी मुलं. जागा मूळची म्हशींच्या तबेल्याची. मुंबईत तबेला म्हटलं की म्हशीच डोळ्यांसमोर येतात, आणि ते बरोबरच आहे. पण म्हशीला पुरणारं छप्पर घोड्याला पुरत नाही. मान वर केली की पत्रा. त्यामुळे आल्या आल्या पहिला खर्च केला तो छप्पर उंच करण्याचा.

वाढले परळला. आमच्या चाळीचा पत्ता सांगताना 'बैलघोडा हॉस्पिटलच्या मागे' असंच सांगायची पद्धत होती. त्याच परिसरात १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यक महाविद्यालय आहे. शाळेतून येताना फाटकातून आत डोकावायचं, आणि एखादा टांग्याचा घोडा दिसला की दप्तरासकट तिथेच उभं राहायचं, हे माझं नेहमीचं. तेव्हा मुंबईच्या रस्त्यांवर घोडे दिसायचे. हायकोर्टाने २०१५ साली व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद करायला सांगितल्या. त्या घोड्यांचे हाल मी पाहिले होते, म्हणून तो निर्णय मला पटला, आजही पटतो. पण त्यानंतर शहरातल्या मुलाला घोडा जवळून भेटतो तो जुहूच्या वाळूत नाहीतर लग्नाच्या वरातीत. त्याच्या जवळ कसं जायचं हे सांगणारं तिथे कुणी नसतं.

मला सांगणारे तात्या होते. मोतद्दार, फलटणकडचे, बोलायला तिखट. पहिल्या दिवशी मी एका तांबूस, कुमेत घोडीच्या ठाणात शिरायला निघाले, तर त्यांनी मनगट धरून मला मागे ओढलं.

"कुठं निघालीस?"

"खरारा करायला."

"तिला सांगितलंस?"

मला वाटलं, चेष्टा करताहेत. ते चेष्टा करत नव्हते. "पोरी, तिचं तोंड तिकडं, पुठ्ठा तुझ्याकडं. तिला काय ठावं कोण आलंय? बोलत जा. कळू दे तिला तू कुठंयस."

अठरा वर्षांत मी घोड्यांवरची पुस्तकं वाचली, डॉक्टरांकडून शिकले, दोन-तीन प्रशिक्षणं केली. त्या सगळ्यात जे होतं ते या एका वाक्यात आधीच आलं होतं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे त्याला जवळपास सगळीकडचं दिसतं, फक्त दोन जागा सोडून. एक शेपटीच्या थेट मागची, दुसरी कपाळाच्या थेट पुढची. म्हणजे आपण प्रेमाने समोरून जाऊन कपाळावर हात ठेवतो, तेव्हा तो हात त्याच्या दृष्टीने कुठून तरी अचानक उगवलेला असतो. म्हणून तिरकं जायचं, डाव्या खांद्याच्या रोखाने, आणि पहिला स्पर्श खांद्याला किंवा मानेला. आणि जाताना तोंड चालू ठेवायचं.

घोड्याच्या पिछाडीला आणि साहेबाच्या अगाडीला जाऊ नये, अशी हिंदीतली म्हण आपल्याकडेही सर्रास ऐकवतात. ती मला कधीच पुरेशी वाटली नाही. ज्याला लीद उचलायची आहे, शेपूट विंचरायची आहे, मागच्या पायाचा खूर साफ करायचा आहे, त्याला पिछाडीला जावंच लागतं. कसं जायचं हे ती म्हण सांगत नाही. तात्यांनी ते माझा हात हातात धरून दाखवलं. हात खांद्यावर ठेवायचा आणि तिथून उचलायचाच नाही. पाठीवरून, बरगड्यांवरून, पुठ्ठ्यावरून सरकवत न्यायचा, स्वतः त्याच्या अंगाला जवळजवळ चिकटून चालायचं. हाताखाली स्नायू कळतात. निवांत असलेला पुठ्ठा मऊ लागतो, मळलेल्या कणकेसारखा. लाथ येणार असेल तर त्याआधी तो दगड होतो, आणि तेवढा क्षण मागे येण्यासाठी पुरतो. शिवाय लाथेचा जोर पाय पूर्ण ताणला जातो तेव्हा असतो. अंगाला चिकटलेल्या माणसाला ती ढकलल्यासारखी बसते, चार-पाच फुटांवरच्या माणसाचं हाड मोडते. तेव्हा एकतर अगदी जवळ, नाहीतर दहा-बारा फूट लांब. मधली जागा वाईट.

आणि कानांकडे बघायचं. डोळ्यांपेक्षा कान जास्त सांगतात. एक कान तुमच्याकडे वळलेला असेल तर तुम्ही कुठे आहात हे त्याला माहीत आहे. दोन्ही कान मागे मानेला चिकटले, की जे काही करत असाल ते थांबवून बाहेर या. पुठ्ठा दाराकडे असेल तर आत पाऊलच टाकायचं नाही. हाक मारायची, चंदीचं, म्हणजे दाण्याचं घमेलं वाजवायचं, त्याला वळू द्यायचं. दोन मिनिटं जातात. दोन मिनिटांसाठी माणसं स्वतःच्या मांड्या फोडून घेताना मी पाहिली आहेत.

हे सगळं मला येत होतं. तरी माझ्या डाव्या हाताची अनामिका आज पूर्ण सरळ होत नाही.

तेव्हा मला या कामात अकरा वर्षं झाली होती. अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाच्या मिरवणुका सुरू व्हायच्या आत सगळे घोडे आत घ्यायचे, असा आमचा शिरस्ता. अकरा आत गेले होते. शेवटची घोडी मी घेऊन निघाले. बारीक पाऊस होता. उजव्या हातात छत्री, डाव्या हातात दोर. ओला दोर निसटतो, म्हणून मी तो तळव्याभोवती दोनदा गुंडाळला. दुसऱ्या कुणी असं केलेलं दिसलं असतं तर मी तिथूनच ओरडले असते. भिंतीपलीकडे फटाक्यांची माळ लागली. घोडी बुजली, मान वर गेली, ती जागच्या जागी फिरली आणि उधळली. माझ्या हाताभोवतीचे वेढे आवळले गेले. छत्री कधी सुटली ते आठवत नाही. चिखल तोंडात गेलेला आठवतो, आणि बोटातून आलेला एक लहानसा आवाज, हिरवी फांदी मोडावी तसा. दहा-पंधरा फूट तरी मी फरफटत गेले असेन.

थांबवलं ते तात्यांनी, आणि ते धावले नाहीत. दोन्ही हात पसरून तिच्या तिरके उभे राहिले आणि नेहमीच्या आवाजात बोलायला लागले. "काय झालं? काय झालं बाय? कुठं चाललीस? थांब जरा." तिचा एक कान त्यांच्याकडे वळला. ती थांबली, थरथरत. मग त्यांनी दोर सोडवला.

दवाखान्यात बोट बसवलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. तबेल्यात काम करणाऱ्याने ही सुई कधी चुकवू नये. धनुर्वाताचे जंतू घोड्याच्या आतड्यात सुखाने राहतात आणि लिदीतून मातीत उतरतात. तिथला साधा खरचटलेला गुडघासुद्धा हलका घ्यायचा नसतो. आणि याच जनावराच्या रक्तापासून सर्पदंशावरचं औषध बनतं. परळच्या हाफकिन संस्थेने ते वर्षानुवर्षं बनवलं. लहानपणी हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हाफकिनच्या भिंतीवरून हात फिरवत घरी गेले होते.

हात प्लास्टरमधून निघाल्यावर तात्यांनी मला एक शब्द सुनावला नाही. दोर पुढे केला आणि म्हणाले, "घडी घाल." दोर पुढे-मागे, पुढे-मागे असा दुमडायचा आणि मधोमध मूठ धरायची. घोड्याने हिसका दिला तर एकेक घडी उलगडत निघून जाते, हात मोकळा राहतो. गोल वेढा मात्र फास होतो. मी पन्नास वेळा ती घडी घातली, ते समोर बसून बघत राहिले. नंतर त्या दिवसाचा मी खूप विचार केला. नियम मला माहीत होता. चूक झाली ती छत्रीमुळे. अंग भिजू नये म्हणून मी एक हात घालवला आणि उरलेल्या हाताने दोन हातांचं काम करायला गेले. शिवाय त्या संध्याकाळी मी तिच्याशी बोलत नव्हते. डोक्यात मिरवणूक होती, ट्रॅफिक होतं, घरी कसं पोचायचं ते होतं. तिने फटाके एकटीने ऐकले.

आता आमच्याकडे घोडा हातात असताना छत्री नाही, मोबाइल नाही. भिजायचं.

पायांचं मात्र अजून मनासारखं झालेलं नाही. मी ज्या पहिल्या तबेल्यात होते, तिथे एकोणीस वर्षांचा एक मोतद्दार स्लिपर घालून काम करायचा. घोड्याने त्याच्या पायावर पाय दिला. त्याला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून त्याने पाय ओढायचा प्रयत्न केला. पाय ओढायचा नसतो. घोड्याच्या खांद्याला रेटा द्यायचा, त्याने वजन दुसऱ्या पायावर टाकलं की आपला पाय सुटतो. पोराची दोन बोटं मोडली. मालकांचं म्हणणं पडलं, त्याने बघायला नको का? त्याच महिन्यात तिथे परदेशातून नवीन खोगीर आलं होतं. मला त्या वेळी बोलायचं धाडस झालं नाही, आणि ते माझ्या मनात राहून गेलं आहे. घोड्यावर बसणाऱ्याला हेल्मेट असतं, बूट असतात, शिकवायला माणूस असतो. दिवसातले दहा तास घोड्यांच्या पायांत वावरणाऱ्याला काही नसतं. माझ्या डोळ्यांदेखत झालेल्या बहुतेक दुखापती घोड्यावरून पडून झालेल्या नाहीत. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसांना झाल्या आहेत. खूर साफ करताना, खोगिराचा तंग आवळताना, दारातून नेताना.

इथे आल्यावर सगळ्यांना जाड बूट घेतले. जुलैत लक्षात आलं की कुणीच ते घालत नाही. दिवसभर ओल्या बुटात पाय कुजतात, हे त्यांचं म्हणणं खरं होतं. मग पावसाळ्यासाठी गमबूट आणले आणि प्रत्येकाला मोज्यांचे जादा जोड. स्लिपर घालून साचलेल्या पाण्यात फिरणं तर त्याहून वाईट. तबेला आहे तिथे दाणा आहे, दाणा आहे तिथे उंदीर आहेत, आणि उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टो म्हणजे काय हे मुंबईकराला सांगायला नको. गमबुटात घोड्याचा पाय पडला तर बोटं वाचतीलच असं नाही. ही तडजोड आहे आणि मला ती आवडत नाही.

उंदरांवरून आठवलं. शिवाजी महाराजांचं १६७० च्या दशकातलं एक पत्र आहे, चिपळूणजवळच्या पागेच्या मुक्कामावरल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं. दाणागवत पावसाळाभर पुरवून वापरा, रयतेला त्रास देऊ नका, हे त्यात आहे आणि तेवढं सगळ्यांना माहीत असतं. मी मात्र त्यातला आगीचा भाग पुन्हा पुन्हा वाचते. कुणी शेकोट्या पेटवेल, कुणी भलत्याच जागी चूल मांडेल, कुणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, गवत पडलंय आणि वारा सुटलाय हे ध्यानात न घेता. एक खण पेटला की सगळे खण जातील. आणि रात्री घरात दिवा असेल तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, तसं होऊ देऊ नका. एवढं मोठं राज्य उभं करणारा माणूस उंदराने ओढलेल्या वातीपर्यंत विचार करतो. ज्याने पागेत रात्र काढली आहे त्याला यातली कळकळ लगेच कळते. बांधलेलं जनावर आगीपासून पळू शकत नाही.

आजचा उंदीर वात नेत नाही, वायर कुरतडतो. आमच्याकडे गवताच्या खोलीत वीजच नाही. बाकी तबेल्यातल्या सगळ्या वायरी लोखंडी नळीतून नेल्या आहेत. मोबाइल चार्ज करायचा तर ऑफिसात. बिडी फाटकाबाहेर, तिथे वाळूची बादली ठेवली आहे. प्रत्येक ठाणाच्या दाराबाहेर त्या त्या घोड्याच्या तोंडावर चढवायची मोहरकी आणि दोर टांगलेला असतो, अंधारात चाचपडून सापडेल असा. आणि पावसाळ्यात गवताचा ट्रक आला की मी स्वतः गंजीत कोपरापर्यंत हात घालते. ओलं गवत दाबून रचलं की आतल्या आत तापतं आणि बाहेरच्या ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतं. हाताला ऊब लागली की तो भारा बाहेर, उघड्यावर, मग तो कितीही महागाचा असो.

महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ सालचं. तिथला शर्यतींचा हंगाम पावसाळ्याआधी संपतो आणि शर्यती पुण्याला जातात. आमचे घोडे इथेच असतात, जुलैच्या पत्र्याखाली. पत्र्यावर मुसळधार पाऊस कोसळतो तेव्हा स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. तात्यांची शिकवण तिथे अडते. माणूस बोलतोय आणि घोड्याला ते ऐकूच जात नाही. अशा एका रात्री लाइट गेले होते आणि एक घोडी पोट दुखून अस्वस्थ झाली होती. सारखी मागे वळून कुशीकडे बघत होती, पुढच्या पायाने जमीन खरवडत होती. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटदुखी त्याच्या जिवावर बेतू शकते. आत जायला हवं होतं. तात्यांनी बॅटरी तिच्यावर न मारता आधी स्वतःच्या छातीवर धरली, मग तोंडावर. आपण कोण आहोत हे तिला दाखवलं. ती बघेपर्यंत दारात तसेच उभे राहिले, पाऊस पाठीवर घेत. मग उजेड जमिनीवर टाकून आत गेले. डॉक्टर येईपर्यंत तासभर त्यांचा एक हात तिच्या मानेवर होता. त्यांचे ओठ हलत होते. ऐकू काहीच येत नव्हतं, मलाही आणि तिलाही. घोडी वाचली.

वरातीत घोड्याजवळून जाणाऱ्यांनाही मला हेच सांगावंसं वाटतं. बँड आणि फटाके यांत त्या जनावराला तुमचा आवाज ऐकू जात नाही, म्हणून त्याच्या मागे मुलं नाचू देऊ नका. काही भरवायचं असेल तर तळहात सपाट ठेवून भरवा, बोटांत धरून नको. आणि लगाम धरलेला माणूस 'जरा लांब' म्हणाला, तर त्याचं ऐका. त्याने घोड्याचे कान पाहिलेले असतात.

तात्या दोन वर्षांपूर्वी गावी गेले. त्यांच्या जागी कांदिवलीहून एक मुलगा येतो, अबोल, मान खाली घालून काम करणारा. घोड्यांना त्याचा हात आवडतो, पण तो तोंड उघडत नसे. पहिल्या आठवड्यात मी त्याला चारदा सांगितलं, बोलत जा. पाचव्यांदा तो म्हणाला, "ताई, बोलू काय पण? मला सुचत नाही."

"काहीही बोल. पाढे म्हण."

परवा पहाटे मी आले तेव्हा आत दिवा लागलेला होता. तो कुमेत घोडीच्या ठाणात होता, तिचा कान त्याच्या बाजूला वळलेला. खराऱ्याची खसखस आणि त्या लयीत एक हलका आवाज. "माहीम. वांद्रे. खार रोड. सांताक्रूझ." एक हात पाठीवर ठेवून तो पुढे सरकला. "विले पार्ले. अंधेरी. जोगेश्वरी." पुठ्ठ्यापाशी आला तेव्हा गोरेगाव गेलं होतं. तिच्या अंगाला चिकटून तो मागून वळला, पलीकडे गेला, आणि मालाडपासून पुढे सुरू झाला.